पोट धुवायला लागलेलं पाणी

बसवर कंडक्टरकी करणाऱ्या माणसाला एक विद्या आपोआप येते, ती म्हणजे धरून ठेवण्याची. शहापूर ते मुरबाड, मुरबाड ते कल्याण, कल्याणहून परत मुरबाड. मध्ये उतरायचं कुठे आणि थांबा म्हणायचं कुणाला? गाडीत भाजीच्या पाट्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, शाळेची पोरं, आणि मी घंटीची दोरी धरून पोट आवळून उभा. सगळी नोकरी अशी निघाली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. मी मनात म्हटलं, मूळव्याध. आमच्या धंद्यात ती पगाराबरोबरच मिळते.

घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोने कपडे धुताना डाग पाहिले आणि मुलाच्या कानावर घातलं. मुलगा आसनगावहून रोज लोकलने ठाण्याला कामाला जातो. त्याने एक रजा टाकली आणि मला कल्याणला पोटाच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढेच. त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "काका, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का?"

होता. माझा थोरला भाऊ त्यानेच गेला. तोही शेवटपर्यंत मूळव्याध मूळव्याधच म्हणत राहिला, झाडपाल्याचं औषध घेत राहिला, आणि पोट फुगल्यावर दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. हे मी सांगितलं आणि डॉक्टरांचा चेहराच बदलला. म्हणाले, "मग आतून दुर्बिणीने बघायलाच हवं. लवकर."

दुर्बिणीची मला भीती नव्हती. गुंगी देणार होते. भीती होती ती दुर्बीण आत जाऊन काय बघेल याची. पण खरं काम दुर्बिणीच्या आधीचं असतं, हे मला तिथल्या सिस्टरने सांगितलं. दोन दिवस आधीपासून पालेभाजी बंद, नाचणी बंद, बियांचं काही तोंडात घालायचं नाही. म्हणजे ऐन मे महिन्यात करवंदं, जांभळं, फणस सगळ्यांवर पाणी सोडायचं. आदल्या दिवशी तर जेवणच नाही. बिनदुधाचा चहा, गाळलेलं नारळपाणी, पेजेवरची नितळ निवळ, बस. कोकम सरबतसुद्धा नको, कारण आत लाल दिसलं की रक्त कुठलं आणि कोकम कुठलं ते कळत नाही. मग औषधाची पावडर भरपूर पाण्यात कालवायची, अर्धं पाणी आदल्या संध्याकाळी प्यायचं, अर्धं सकाळी निघण्याच्या बरंच आधी. "शेवटी शेवटी नुसतं पाणी पडलं पाहिजे, काका," सिस्टर म्हणाल्या. "पिवळसर आणि आरपार दिसणारं. गढूळ असेल तर झालं नाही असं समजायचं. आत मळ राहिला तर डॉक्टरांना काही म्हणजे काही दिसत नाही."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

आता आमच्या घरचं पाण्याचं सांगायला हवं. आमचा तालुका धरणांचा. बाहेरच्या पाहुण्याला वाटतं, ह्यांच्याकडे पाण्याला काय तोटा! अंगणात नळही आहे. चकचकीत तोटी आहे, तिच्यावर सून ओली फडकी वाळत घालते. होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि मे महिन्यात टँकर येऊन विहिरीतच पाणी सोडतो. ते पाणी पोहऱ्याने शेंदून आणायचं. बायकोचे गुडघे गेलेत. मुलगा उजाडायच्या आधी घर सोडतो. म्हणजे विहीर ते घर ही सगळी वाट सुनेची, डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी.

आणि मी? मी धडधाकट होतो तेव्हाही कधी हंडा उचलला नाही. आमच्याकडे गडी माणूस गाडीच्या टपावर भाताची पोती चढवील, पण डोक्यावर हंडा घेणार नाही. कुणी तसा नियम केलेला नाही. नियम केला असता तर कुणीतरी मोडला तरी असता.

तर आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी औषध घेऊन बसलो. चव म्हणाल तर लिंबू सरबतात कुणी साखरेऐवजी मीठ आणि सोडा घातलाय असं वाटावं. नाक दाबून प्यायलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "हे औषध एक्स्पायर झालेलं दिसतंय." आणि पुढच्याच क्षणी उठून मागच्या दारी पळालो. जन्मभर धरून ठेवण्याची विद्या केली, ती त्या पावडरीने एका घोटात काढून घेतली.

एकदा गेलो, बादली ओतली. बाहेर येऊन टेकलो नाही तोच परत. पुन्हा बादली. संडासाच्या दाराशी ठेवलेलं पिंप सुनेने सकाळी काठोकाठ भरलं होतं. ते मावळतीपर्यंत बुडाला आलं. ती विहिरीवर गेली, आली, पिंपात ओतून परत गेली. तिच्या पायांचा आवाज मला आत बसून ऐकू यायचा. ओतलेल्या पाण्याचा आवाज यायचा. आणि ते पाणी मी लगेच खाली ओतायचो. पिण्याचं पाणी, डोक्यावरून आणलेलं, कशासाठी? तर माझ्या घाणीसाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी एक शहाणपणा केला. टमरेल घेतलं आणि बांधापलीकडे शेतात गेलो. टमरेलात पाणी ते किती? बादलीच्या मानाने काहीच नाही. लहानपणापासून तेच केलेलं, त्यात लाजायचं काय? पण बांधावरच शेजारच्या घरचा म्हातारा भेटला. माझ्या हातातलं टमरेल बघून म्हणाला, "काय रे कंडक्टर, नवा संडास भाड्यानं दिला काय?"

हसावं की रडावं कळेना. परत येताना डोळ्यांपुढे अंधारी आली, बांधावरच बसावं लागलं. म्हातारा मला धरून घरापर्यंत घेऊन आला आणि बायकोने मला जी काही लाखोली वाहिली ती सगळ्या आळीने ऐकली. सुनेने माझ्या हातातलं टमरेल काढून घेतलं, मला खाटेवर बसवलं आणि लिंबूपाणी गाळून आणून दिलं.

दिवेलागणीला मी ओटीवर खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. मध्ये कुडाची भिंत. पलीकडे चुलीशी सून माझ्या बायकोशी बोलत होती.

"आई, आजचं सगळं पानी तिकडंच गेलं. मला आंग धुवाया पन नाय उरलं. उद्या टँकर बी येनार नाय बोलतात."

बस, एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, कुरकूरही नव्हती. दिवसभर उन्हात शेंदून दमलेलं माणूस बोलतं तसं ती बोलली. रागावली असती तर मी रागाला उत्तर दिलं असतं, माझाही स्वभाव काही गरीब गाईचा नाही. पण दमलेल्या माणसाला काय उत्तर देणार? घामाने चिंबलेल्या अंगाने ती पोर तशीच झोपणार होती आणि तिचं आंघोळीचं पाणी माझ्या आतड्यातून वाहून गेलं होतं.

सकाळी उरलेलं अर्धं औषध प्यायचं होतं. बायको चूल पेटवत होती, सून विहिरीवर गेली होती. मी बाटली घेऊन परसात गेलो, दोनचार घोट घेतले आणि बाकीचं शेवग्याच्या बुंध्याशी ओतून टाकलं. जितकं पोटात जाईल तितकं बाहेर येणार, आणि जितकं बाहेर येणार तितकं पाणी लागणार, हा हिशोब मला अगदी बिनतोड वाटला. त्यानंतर एकदाच जाऊन आलो. खाली बघितलं. पिवळं होतं, पण गढूळ होतं, त्यात कणही होते. मी स्वतःला म्हटलं, चालंल. डॉक्टर काय, दोन कणांसाठी अडून बसणार आहेत?

दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, "शेवटचं कसं झालं, काका?"

"पाण्यासारखं," मी म्हटलं.

जागा झालो तेव्हा डोकं जड होतं आणि मुलगा खाटेशी उभा होता. डॉक्टर आले. चिडले नव्हते, त्याने जास्तच वाईट वाटलं. म्हणाले, "काका, अर्ध्या वाटेवरून परत यावं लागलं. पुढे सगळा गाळ होता. जे बघितलं ते ठीक आहे, पण जे बघायचं होतं ते दिसलंच नाही. पुन्हा करावं लागेल." मुलाची रजा गेली, गाडीभाडं गेलं, आणि माझ्या पोटात काय आहे ते जिथल्या तिथेच राहिलं.

मी तेव्हाही कबूल केलं नसतं. औषध बरोबर नव्हतं म्हणून मोकळा झालो असतो. पण गुंगीने घात केला. गुंगी उतरताना मी म्हणे सिस्टरना मोठ्या आवाजात सांगत होतो, "थोडंच प्यायलो. सुनेला पानी वाहावं लागतं." एकदा नाही, पुन्हा पुन्हा, तिकीट तिकीट म्हणतात तसं. सिस्टरनी ते मुलाला सांगितलं.

गाडी हायवेला लागल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, थोरला काका कसा गेला ते आठवतंय ना तुमाला?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

मुलाने घरी गेल्यावर हे बोलायला नको होतं. पण तरुण माणूस, दिवसभर उपाशी, बापाच्या जिवाची काळजी. गुंगीत मी काय बोललो ते दारातच बोलून गेला. सून भांडी घासत होती. तिचा हात थांबला. राखेने भरलेल्या हातांनीच ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून माझ्यासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कदी हिशोब मागितला व्हता काय बाबा तुमाला?"

एवढं बोलून ती परत भांड्यांशी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी संडासाच्या दाराशी दोन भरलेल्या बादल्या ठेवायला लागली. नुसत्या भरलेल्या नाही, काठोकाठ, हिंदकळल्या तर सांडतील अशा. मी त्या रोज बघायचो आणि रोज कानाखाली बसल्यासारखं वाटायचं. माझं म्हणणं होतं की मी तिच्यासाठी केलं. पण तिला विचारलं कुठे होतं? मी माझा जीव धोक्यात घातला आणि त्याचं कारण म्हणून तिचं नाव पुढे केलं, तेही परक्या बाईसमोर. ह्याला कुणी माया म्हणत नाही.

रक्त पडायचं थांबलं नव्हतं. पुढची तारीख जवळ येत होती आणि टँकर आणखी लांबला होता. एक दिवस सूनच म्हणाली, "या वेळी बाबांना माझ्या माहेराला न्यायचं."

तिचं माहेर म्हसा गावाजवळ, मुरबाडच्या पलीकडे. त्यांच्या घरी बोअर आहे, मोटर लावली की टाकी भरते, आणि तिथून कल्याणचा रस्ता सरळ. बोलण्यात काही चूक नव्हती. पण माझी बायको हबकलीच. "अगो, याह्यांच्या घरी? परसाकडला बसाया?"

जो आमच्यातला आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुलाचा बाप व्याह्यांच्या घरी जातो तो मानाचा पाहुणा म्हणून. दारात पाय धुवायला पाणी, बसायला नवी चादर, जेवायला पहिला पाट. मी म्हशाच्या जत्रेला जायचो तेव्हा त्यांच्या घरी उतरायचो, आणि माझी विचारपूस करायला शेजारपाजारचेसुद्धा यायचे. तिथे जाऊन दिवसभर संडासात बसायचं? मी साफ नाही म्हटलं. म्हटलं, "माझी काय लाजबीज हाय की नाय?"

"लाज मंग," सून म्हणाली. "पोट आदी."

मुलगा हसला, आणि तो हसला म्हणून मी हरलो.

व्याह्यांच्या दारात मी आणि सून गाडीतून उतरलो तेव्हा पाय धुवायला पाणी तयार होतं. नवी चादर होती. व्याही माझ्यापेक्षा वयाने थोडे लहान, शेतीवाले, बोलायला मोजके. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आधीच टाकी भरून ठेवली होती आणि संडासात नवी बादली, नवा मग, साबणाची नवी वडी. दाराच्या आतल्या बाजूला नवी कडीही बसवली होती, तिच्या खिळ्यांभोवतीचा लाकडाचा भुसा अजून खाली पडलेला होता. माझ्यासाठी त्यांनी सकाळी हे काम केलं होतं.

औषध प्यायला सुरुवात केली तशी घरातली सगळी माणसं एकेक करून बाहेर खळ्यावर जाऊन बसली, मला मोकळं वाटावं म्हणून. विहीणबाई तेवढ्या आत राहिल्या. त्या नारळपाणी धुतलेल्या पंचातून गाळायच्या, ग्लास वर करून उजेडात बघायच्या आणि पुन्हा गाळायच्या. "पावना घरात आला नि त्याला घास नाय," असं स्वतःशीच पुटपुटायच्या. मी फेऱ्या मारत होतो. पाणी हवं तेवढं होतं, नळ फिरवला की धो धो. कुणाच्या पायांचा आवाज नाही की ओतल्याचा नाही. तरीही मन खात होतं. ते कशाने, हे संध्याकाळी कळलं.

घरात चूल पेटली नव्हती. मला आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग बघितलं तर पोरांना शेजारच्या घरी जेवायला पाठवलं होतं, आणि व्याही खळ्यावर बिनदुधाचा चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "अवं दादा, तुमी जेवून घ्या ना."

"तुमी टाटावर बसल्याबिगर आमी कसं बसावं?"

"पन मला जेवायचंच नाय! डॉक्टरनं सांगितलंय!"

"तुमाला डॉक्टरनं सांगितलंय," व्याही म्हणाले. "आमाला नाय सांगितलं. पन बसवत नाय."

मी हात जोडले. विहीणबाईंना सांगितलं, सुनेला सांगितलं की तुझ्या बापाला समजाव. ती म्हणाली, "ते नाय आयकायचे, बाबा. तुमी पोट साफ करा, म्हंजे उद्या सगळी जेवतील." म्हणजे सगळ्या घराचं जेवण आता माझ्या आतड्यावर अवलंबून होतं. दिवसभर शेतात राबलेला माणूस माझ्यापायी उपाशी झोपायला गेला. शिक्षा करायची म्हणून कुणी केली असती तर याहून मोठी सुचली नसती. आणि ते बिचारे तो मान म्हणून करत होते.

पहाटे उरलेलं औषध मी सुनेसमोर प्यायलो. ती ग्लास भरायची, मी संपवायचो, ती पुढचा भरायची. बाटली पालथी करून दाखवली तेव्हा तिने ती हातात घेऊन बघितली. तीनचार वेळा जाऊन आलो. पोटात काही उरलं नव्हतं, पायातही जोर नव्हता. बाहेर येऊन मी म्हटलं, "झालं गो. पान्यासारखं हाय."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "या वक्ताला पानी ओतू नका. मला बघाया द्या."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा जागच्या जागी मेलो. म्हटलं, "तू? तू काय बघतेस? तुझ्या सासूला फोन लाव, नायतर..." नायतर काय, ते मलाही माहीत नव्हतं. ती जागची हलली नाही. खळ्यावर तिचा बाप पाठ करून बसला होता आणि काही ऐकू येत नसल्यासारखं करत होता.

पुढच्या वेळी मी पाणी न ओतता बाहेर आलो. ती मोबाईलचा उजेड घेऊन आत गेली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. साठी उलटलेला माणूस, नातवंडांचा आजोबा होण्याच्या वयातला, आणि पोटातून रडू येत होतं. तिने नाकाला पदर लावला नाही, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "नाय झालं. अजून गढूळ हाय. तुमी खोटं बोलता तवा कान लाल होतात तुमचे, बाबा." आणि मला साध्या पाण्याचा तांब्या दिला.

दोन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी ती आतूनच म्हणाली, "झालं. आता काचंवानी हाय." मग तिनेच पाणी ओतलं.

मुलगा परस्पर कल्याणला आला होता. सिस्टरनी विचारलं, शेवटचं कसं झालं, तेव्हा मी सुनेकडे बघितलं. सुनेने सांगितलं. सिस्टरनी तिच्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

जागा झालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आज स्वच्छ होतं. शेवटपर्यंत गेलो." मग त्यांनी मुलाला स्क्रीनवरचा फोटो दाखवला. मोठ्या आतड्याच्या वरच्या टोकाला, वळणाच्या मागे, एक मांसल गाठ होती, मोठ्या करवंदाएवढी. ती त्यांनी तिथल्या तिथे काढली आणि तपासायला पाठवली. "गेल्या वेळी ही गाळाखाली होती," ते म्हणाले. "मी तिच्या जवळपासही पोचलो नव्हतो."

त्या दुपारी व्याह्यांच्या घरी सगळी जेवायला बसली. मला मऊ भात आणि वरणाचं पाणी मिळालं, पण पहिला पाट माझाच. व्याही दोन दिवसांचं एकदम जेवले आणि मला म्हणाले, "घ्या ना अजून, लाजू नका." मी म्हटलं, लाजायचं आता उरलंय काय? त्यावर ते मोठ्याने हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

तपासणीचा अहवाल यायला वेळ होता. ते दिवस घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मी भावाचा विचार करायचो. मुलगा रोज कामावरून दवाखान्यात फोन करून विचारायचा. सून नेहमीसारखी कामं करायची, फक्त जेवत कमी होती, असं बायको म्हणाली. मला वाटलं, उन्हाने असेल.

अहवाल घ्यायला मी आणि मुलगा गेलो. डॉक्टरांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "काका, कॅन्सर नाही. पण ही गाठ त्याच वाटेवर होती. राहिली असती तर काही वर्षांत तुमच्या भावाचं झालं तेच झालं असतं. आता वर्षाने परत या." मुलगा तिथेच खुर्चीत डोळे पुसायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला खूप आनंद झाला, आणि त्या आनंदाखाली सारखं ते शेवग्याच्या बुंध्याशी ओतलेलं औषध दिसत होतं.

घरी आलो तेव्हा सून नुकतीच विहिरीवरून आली होती. हंडा अजून डोक्यावर होता. मी अंगणातूनच म्हटलं, "नाय गो, काय नाय निघालं. गाठ साधी व्हती." बायकोने आतून देवाचं नाव घेतलं. सुनेने हंडा उतरवला, कळशी बाजूला ठेवली, आणि ओटीच्या पायरीवर बसून पदर तोंडात धरून रडायला लागली. नुसते डोळे ओले होणं नव्हतं ते. सगळं अंग हलत होतं. मी घाबरलो. बायको बाहेर आली, तिला जवळ घ्यायला गेली, तर तिने हातानेच थांबवलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाबा, त्या दिशी सांजचं मी आईंना बोलले, आंग धुवाया पानी नाय उरलं म्हनून. ते आयकून तुमी औषिद टाकलंत ना? मला रोज वाटायचं, आता बाबांना काय झालं तर ते माझ्या त्या बोलन्यापायी."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एवढे दिवस मी माझा अपराध माझ्यापाशी कुरवाळत बसलो होतो, आणि त्याचा खरा भार ही पोर हंड्याखाली वाहत होती. काठोकाठ भरलेल्या बादल्या मला टोमणा वाटल्या होत्या. तो टोमणा नव्हता. ती भीती होती. माहेरी उजेड घेऊन ती जे बघत होती ते माझं पोट नव्हतं नुसतं, तिचीही सुटका होती ती.

गाडी भरली की मी पॅसेंजरांना बेधडक सांगायचो, मागून दुसरी गाडी रिकामी येतेय. असं खोटं मी हजारदा बोललो असेन. ह्या एका खोट्यासाठी मात्र मला शब्द जुळवावे लागले.

"नाय गो," मी म्हटलं. "मी कुठं आयकलं? मला डोळा लागला व्हता. तू काय बोललीस मला म्हाईतच नाय. माझं मलाच सुचलं ते येड्यावानी."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, कानांकडे. ते तापलेले मला कळत होते.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं."